बापूंचं बोळकं हसू आणि जबड्याचं हाड : दात काढल्यावर हाड कसं वाचवतात?

खिशातली एखादी नोट काढा आणि फोनचा कॅमेरा लावून गांधीजींचा चेहरा झूम करून बघा. हे चित्र कुणी कल्पनेने काढलेलं नाही. १९४६ मध्ये दिल्लीत लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्यासोबत बापूंचा एक फोटो निघाला होता, त्यातूनच हा चेहरा घेतलाय. तेव्हा बापूंचं वय होतं ७६. त्या काळातले त्यांचे आणखी फोटो शोधलेत तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले आणि हनुवटी जराशी पुढे. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, तोंडाचं बोळकं.

मी वर्ध्याचा. आमच्याकडे शाळेची सहल म्हणजे सेवाग्राम, पाहुणे आले की सेवाग्राम. त्यामुळे बापूंचं आयुष्य आम्हाला पाठ असतं, पण ते दातांच्या बाजूने कुणी सांगत नाही. आज तसंच सांगतो. कारण त्यांच्या काळात जे शक्यच नव्हतं, ते आज शक्य आहे, आणि तरीही अनेक जण ती संधी दात काढल्याच्या दिवशीच घालवून बसतात. या तंत्राचं नाव आहे सॉकेट प्रिझर्व्हेशन. म्हणजे दात काढल्यावर उरलेल्या खड्ड्यातलं हाड वाचवणं, जेणेकरून पुढे तिथे इम्प्लांट बसवता येईल.

पोरबंदरचा मुलगा, जोहान्सबर्गचा मार

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले, १८९१ मध्ये परतले आणि १८९३ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत पोचले. गेले होते थोड्या दिवसांसाठी, पण परत भारतात कायमचे आले ते थेट जानेवारी १९१५ मध्ये.

या काळातला एक दिवस आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. १० फेब्रुवारी १९०८. जोहान्सबर्गमध्ये नोंदणीच्या प्रश्नावर सरकारशी तडजोड झाली होती आणि नोंदणी करायला गांधी स्वतः निघाले होते. ती तडजोड म्हणजे दगाबाजी, असं काही लोकांना वाटत होतं. मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी रस्त्यातच त्यांना लाठ्यांनी मारलं. ते बेशुद्ध पडले. बरगड्यांना मार लागला, वरचा ओठ फाटला, चेहऱ्यावर टाके घालावे लागले. जोसेफ डोक नावाच्या पाद्र्यांनी त्यांना आपल्या घरी नेऊन शुश्रूषा केली. आणि गांधींनी काय केलं? मारणाऱ्यांवर खटला नको, असं कळवलं आणि त्याच अवस्थेत नोंदणी पूर्ण केली.

तोंडावर असा मार बसला की आत काय होतं, ते समजून घेऊ. समोरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे ओठाकडे, हाडाची जी भिंत असते ती फार पातळ असते. बऱ्याच जणांत ती १ मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. हल्ली लाठीऐवजी बाईकवरून पडणं हे कारण जास्त दिसतं. दात पडतो आणि तो धरून ठेवणारी ती भिंतही चेपते.

इथे एक कामाची गोष्ट. पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर त्याला मुळाकडून हात लावू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, घाण लागली असेल तर हलकंसं धुवा, घासू नका आणि जमलं तर त्याच जागेवर परत बसवा. नाही जमलं तर दात दुधात ठेवून लगेच डेंटिस्ट गाठा. पहिला अर्धा तास सोन्याचा. दात वाचला तर हाडही वाचतं, बाकी तंत्रज्ञानाची गरजच पडत नाही.

दात गेला की हाड का जातं?

तुमच्या फोनमध्ये एखादं अ‍ॅप महिनोन्‌महिने उघडलं नाही, तर फोन ते आर्काइव्ह करून टाकतो ना? जागा मोकळी करतो. शरीरही असंच हिशेबी आहे. जबड्याच्या ज्या भागात दात रुतलेले असतात, तो भाग दातांसाठीच तयार झालेला असतो. दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक पातळ थर असतो. चावताना पडणारा दाब तो हाडापर्यंत पोचवतो आणि आतल्या बाजूच्या हाडाला रक्तही त्याच्यातून मिळतं. दात काढला की हा थर गेला, दाब गेला, रक्तपुरवठ्याचा एक रस्ता बंद झाला. मग शरीर ठरवतं की हे हाड आता कामाचं नाही, आणि ते हळूहळू विरघळवायला लागतं.

हळूहळू म्हटलं, पण सुरुवातीला वेग चांगलाच असतो. दात काढल्यावर सहा महिन्यांत त्या जागेची रुंदी सरासरी साडेतीन-चार मिलिमीटरने कमी होते, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय. दाढांच्या जागेवर वर्षभरात निम्मी रुंदी जाते आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. साडेतीन-चार मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण इम्प्लांटचा स्क्रूच साधारण ४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या चहूबाजूंनी किमान १ ते दीड मिलिमीटर हाड लागतं. आता तुम्हीच बेरीज करा.

डॉक्टरांवर टीका, पण ऑपरेशनला होकार

१९०९ मध्ये बापूंनी हिंद स्वराज्य लिहिलं. त्यात रेल्वे आणि वकिलांबरोबर डॉक्टर आणि दवाखान्यांवरही त्यांनी कडक टीका केली. माणूस चुकीचं वागतो, डॉक्टर गोळी देतो आणि माणूस परत तसंच वागायला मोकळा होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. यावरून बापू तंत्रज्ञानाचे शत्रू होते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. पण पुढचं आयुष्य बघितलं की चित्र वेगळं दिसतं.

१९१८ मध्ये खेड्याच्या मोहिमेनंतर ते इतके आजारी पडले की जगतील असं त्यांना स्वतःलाच वाटेना. डॉक्टर दूध घ्या म्हणत होते, पण गाई-म्हशींचे कसे हाल करून दूध काढतात ते कळल्यावर त्यांनी दूध सोडलेलं होतं. शेवटी कस्तुरबांनी मार्ग काढला, शेळीचं दूध. ते त्यांनी घेतलं, पण व्रताचा अर्थ आपण सोयीने लावला ही बोच त्यांना कायम राहिली.

१२ जानेवारी १९२४ ला पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते येरवड्याचे कैदी होते आणि सर्जन होते इंग्रज, कर्नल मॅडॉक. मध्येच वीज गेली आणि राहिलेलं ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. १९२९ मध्ये चरख्याचं सुधारित मॉडेल बनवणाऱ्याला चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. आजच्या भाषेत हॅकेथॉनच की! म्हणजे बापूंचा विरोध यंत्राला नव्हता. हे यंत्र कशापासून बनलं, कुणाच्या फायद्याचं, आणि माझी सवय न बदलता मला नुसतं मोकळं तर करत नाही ना, हे ते विचारत. हे तीन प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

वर्ध्याचे बापू आणि कवळी

१२ मार्च १९३० ला साबरमती सोडताना, स्वराज्याशिवाय या आश्रमात परतणार नाही, असा निश्चय त्यांनी केला होता. पुढच्या वर्षी गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले. तेव्हाचे हसतानाचे फोटो बघा, समोरच्या दातांमध्ये मोकळी जागा दिसते. नंतर जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून त्यांनी वर्धा निवडलं. १९३४ पासून मुक्काम वर्ध्याला, मगनवाडीत, आणि ३० एप्रिल १९३६ ला ते शहरापासून ८ किलोमीटरवरच्या शेगावला राहायला गेले. आमच्याच भागात दुसरं मोठं शेगाव असल्यामुळे पत्रांचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.

माती, बांबू आणि कवेलूंच्या त्या कुटीत देशाचं राजकारण चालायचं. व्हाइसरॉयना थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोनही तिथे होता. तो आजही जपून ठेवलाय, सहलीला गेलात तर नक्की बघा. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना बापूंनी इथेच ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली.

याच वयात बापू कवळी वापरत होते. जेवायच्या वेळी लावायची, जेवण झालं की काढून धुवून ठेवायची. म्हणून त्यांच्या बहुतेक फोटोंमध्ये कवळी दिसत नाही, बोळकं दिसतं. जेवणही त्याला साजेसं, उकडलेल्या भाज्या, शेळीचं दूध, फळं. कवळी काढून ठेवायची ही सवय आजच्या डेंटिस्टलाही आवडेल. हिरड्यांना विसावा मिळावा म्हणून निदान रात्री तरी कवळी काढा, असं तेही सांगतात.

पण कवळीची एक अडचण आहे. ती हिरडीवर टेकते, हाडात जात नाही. त्यामुळे हाडाला दातासारखा दाब मिळत नाही आणि हाड झिजतच राहतं. १९७२ मध्ये टॅलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा अभ्यास मांडला. त्यात खालच्या जबड्याची उंची वरच्यापेक्षा साधारण चौपट कमी झालेली दिसली. घरातल्या आजी-आजोबांची खालची कवळीच का नाचते, याचं उत्तर हेच.

माझ्या आत्याचं उदाहरण देतो. खालची दाढ किडली, दुखली, तिने जवळच्या एका दवाखान्यात काढून घेतली. हाडाचा विषय तिथे निघालाच नाही. दोन वर्षांनी इम्प्लांट बसवायला दुसरीकडे गेली, तर स्कॅनमध्ये त्या जागी हाडाची नुसती पातळ धार उरलेली. आता आधी हाड वाढवायचं ऑपरेशन, मग काही महिने थांबायचं, मग इम्प्लांट. खर्च वाढला तो वेगळाच. आत्याचा प्रश्न साधा होता. दात काढला त्या दिवशी कुणी हे बोललं का नाही?

१९४८ नंतरची १७ वर्षं

ऑगस्ट १९४२ मध्ये बापू सेवाग्रामहून मुंबईला गेले. भारत छोडोचा ठराव झाला आणि ९ ऑगस्टला अटक. आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. सुटकेनंतर ते परत सेवाग्रामला आले, पण १९४६ मध्ये इथून निघाले ते कायमचेच. नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली. दंगली शमवत फिरणाऱ्या या म्हाताऱ्या माणसाची ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत हत्या झाली.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवलेलं होतं. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाडाने धातूला आपलंसं केलं होतं! यातूनच आजचं इम्प्लांट जन्मलं. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि २००६ मध्ये तो वारला तोपर्यंत, म्हणजे ४० वर्षं, ते टिकले.

पण स्क्रू रुतायला हाड तर पाहिजे. म्हणून मग प्रश्न आला, दात काढल्यावर हाड वाचवायचं कसं?

सॉकेट प्रिझर्व्हेशन कसं करतात?

पहिली पायरी, दात हळूच काढणं. पातळ पात्याच्या अवजाराने दाताभोवतीचे धागे सोडवतात. दाढ असेल तर मुळं वेगवेगळी करून काढतात. हिसका मारला तर तीच पातळ भिंत फुटते.

दुसरी, खड्डा नीट साफ करणं. सडलेला, पू झालेला भाग राहिला तर पुढचं सगळं वाया.

तिसरी, खड्ड्यात दाणेदार भर भरणं. याला ग्राफ्ट म्हणतात. पुट्टी भरली आणि भिंत तयार, असं हे नसतं. शेतात वेल चढायला मांडव घालतो ना, तसा हा मांडव असतो. त्यावर तुमच्या स्वतःच्या पेशी चढतात आणि नवं हाड बनवतात.

चौथी, वरून पडदा लावणं. हिरडी झपाट्याने वाढते, हाड सावकाश. पडदा नसेल तर हिरडीच खड्ड्यात घुसते. हा पडदा बहुतेक वेळा कोलॅजनचा असतो आणि काही काळाने आपोआप विरघळतो. काही ठिकाणी तुमचंच थोडं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्याची जेलीसारखी चकती बनवतात आणि तीही वापरतात. तिला पीआरएफ म्हणतात.

पाचवी, थांबणं. साधारण तीन ते सहा महिने. मग सीबीसीटी स्कॅन. फोनवर पॅनोरमा काढताना तुम्ही फिरता, इथे मशीन तुमच्या डोक्याभोवती फिरतं आणि जबड्याचं थ्रीडी चित्र तयार होतं. हाडाची उंची, जाडी, खालच्या जबड्यातली नस कुठून जाते, वरच्या दाढांवर सायनसची पोकळी किती खाली आलीये, हे सगळं मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. याने हाडाची झीज पूर्ण थांबत नाही, कमी होते. आणि प्रत्येकाला याची गरज असतेच असं नाही. अक्कलदाढ काढली तर बहुधा लागत नाही. खड्ड्याच्या भिंती जाड आणि शाबूत असतील तर काही वेळा त्याच दिवशी इम्प्लांटही बसवतात. वय १८ च्या आत असेल तर जबडा अजून वाढत असतो, त्यामुळे इम्प्लांटची घाई करत नाहीत.

बापूंचे तीन प्रश्न, डेंटिस्टच्या खुर्चीत

कशापासून बनलंय? ग्राफ्ट चार प्रकारचं असतं : तुमच्याच शरीरातलं हाड, दुसऱ्या माणसाचं दान केलेलं, प्राण्याचं आणि कृत्रिम. प्राण्याचं बहुतेक वेळा गाई-बैलाच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेलं असतं आणि कोलॅजनचे काही पडदे डुकरापासूनही येतात. तुम्ही शाकाहारी असाल किंवा धर्माच्या कारणाने चालत नसेल, तर आधी विचारा. विचारायला लाजायचं नाही. कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम पर्याय मिळतात. शेळीच्या दुधावर इतका विचार करणाऱ्या माणसाने हे नक्की विचारलं असतं.

कुणाच्या फायद्याचं? मला इम्प्लांट खरंच करायचंय का, की ब्रिजने भागेल? ग्राफ्ट केलं नाही तर माझ्या बाबतीत काय होईल? दोन्हीचा खर्च किती? हे दात काढायच्या आधी विचारा, नंतर नाही. खर्च जड जात असेल तर डेंटल कॉलेजचा पर्याय बघा. वर्ध्यात सावंगीला शरद पवार डेंटल कॉलेज आहे, जिल्ह्याबाहेरचे लोकही तिथे येतात. मधुमेह असेल किंवा हाडं ठिसूळ होतात म्हणून गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील, तर ते डॉक्टरांना सांगाच.

सवय बदलणार की नाही? विदर्भातल्या पोरांनो, हा प्रश्न आपल्यासाठी. खर्रा. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो, जखम भरत नाही, ग्राफ्ट आणि इम्प्लांट दोन्ही फसायची शक्यता वाढते. आणि सुपारीने तोंड उघडणंच कमी होत जातं. दोन बोटं जात नसतील तर डेंटिस्ट मागच्या दाढेपर्यंत पोचणार कसा? त्यापुढचा धोका कॅन्सरचा आहे, ते वेगळं सांगायला नको. सवय तशीच ठेवून नुसतं मशीनवर भागवायचं, हेच तर हिंद स्वराज्यात बापूंना खटकलं होतं.

दात काढल्यावर पहिले २४ तास जोरात थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नका. खड्ड्यातली रक्ताची गाठ हीच पहिली भर असते, ती निघाली की दोन-तीन दिवसांनी भयानक कळ सुरू होते.

बापूंनी ज्या दवाखान्यांवर टीका केली, त्यांच्याच सेवाग्राममध्ये पुढे डॉ. सुशीला नय्यर यांनी कस्तुरबांच्या नावाचा दवाखाना वाढवला आणि १९६९ मध्ये, बापूंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. टीका आणि तंत्रज्ञान एकाच गावात नांदू शकतं, ते असं.

घरात कुणाचा दात काढायचा ठरला असेल, तर हा लेख आजच त्यांना पाठवा. उद्या खुर्चीत बसण्याआधी त्यांनी एवढंच विचारलं तरी पुरे : डॉक्टर, दात तर काढताय, हाडाचं काय?